झोपून शिकवणारी बाई

बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, मार्केटच्या मागच्या अंगाला, एका कापडदुकानाच्या माडीवर सोयराबाईंचा योगासनांचा वर्ग भरायचा. खाली कापडाचे तागे आपटून उलगडल्याचा धप्प धप्प आवाज आणि वर तांबड्या गुळगुळीत जमिनीवर जमखाने अंथरून ओळीनं बसलेल्या बायका. साठ सालच्या सुमारास शहरात बायकांना आसनं शिकवणारी बाई कुठं मिळेल असं विचारलं, की लोक याच माडीकडे बोट दाखवायचे.

सोयराबाईंचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत आलं आणि इथंच रुजलं. घरात मराठीच, पण पुण्याचा पाहुणा आला तर दर दुसऱ्या वाक्याला अडखळेल अशी. वडील रघुजी म्हैसूरला एका शाळेत कवायत शिकवायचे आणि तिथल्याच एका गुरुजींकडे आसनं शिकले होते. लहानगी सोयरा चौकटीला टेकून बघत राहायची आणि प्रश्नांनी त्यांना भंडावून सोडायची. आत घेतलेला श्वास नेमका कुठवर जातो? उलटं उभं राहिलं तर पोटातला भात खाली येत नाही का? मांजराला पाठ ताणायला कुणी शिकवलं? रघुजी शेवटी म्हणायचे, "अगं, आधी करून बघ, मग विचार." ती करून बघायची, आणि तरीही विचारायचीच.

मोठेपणी प्रश्न मागं पडले, कारण अंगानंच उत्तरं द्यायला सुरुवात केली. सोयराबाई खाली वाकल्या की कपाळ गुडघ्याला सहज टेकायचं. वृश्चिकासनात त्या हातांवर उलट्या उभ्या राहून पावलं डोक्यावर टेकवायच्या, तेव्हा बघणाऱ्यांचाच श्वास अडायचा. वर्गातही त्यांची रीत साधी होती. जमखान्यावर उभं राहायचं, "बघा, असं" म्हणायचं आणि आसन करून दाखवायचं. बायका बघायच्या, सुस्कारा टाकायच्या आणि जमेल तेवढं करायच्या.

त्या ओळीत शेवटच्या जमखान्यावर कावेरी नावाची एक बाई असायची. मूळची मंड्याकडची, अंगानं भरलेली, स्वभावानं हसरी. दोन वर्षं झाली तरी पाय पसरून पुढं वाकताना तिचे हात नडगीच्या पुढं सरकत नव्हते. ती अधूनमधून कन्नडमध्ये विचारायची, "अक्का, मला का जमत नाही?"

"सराव करा, येईल," सोयराबाई म्हणायच्या. पुढं बोलायला त्यांना वेळ नसायचा. सकाळी हा वर्ग, दुपारी मुलींची शाळा, संध्याकाळी बसनं मल्लेश्वरला जाऊन तिथला वर्ग, आणि रविवारी कुठं ना कुठं आसनांचा जाहीर प्रयोग.

प्रयोग ठरवायचे हणमंतराव. ते एका व्यायाम मंडळाचे चिटणीस होते. धोतर, कोट, डोक्यावर जरीची पगडी आणि बोलण्यात सदा घाई. सोयराबाईंचं नाव शहरभर झालं त्यात त्यांचा वाटा मोठा होता, आणि ते खोट्या मनाचे गृहस्थ नव्हते. योगासनं म्हणजे बैराग्यांची भानगड असं लोकांना वाटतं, ते खोडून काढायचं, एवढाच त्यांचा ध्यास. एकसष्टच्या पावसाळ्यानंतर एक दिवस ते जिना चढून धापा टाकत वर आले.

"सोयराबाई, टाउन हॉल ठरला! परदेशी पाहुणे येणार आहेत. आणि तो प्रयोग रंगला, तर तिथून थेट दिल्ली. मंडळी संस्था काढायची म्हणताहेत. प्रमुख कोण, ते मी सांगायला हवं का?"

सोयराबाई घरी आल्या त्या जणू जमिनीपासून वीतभर वरूनच. नवरा खंडोजी विमानांच्या कारखान्यात फिटर होता. मोजकं बोलणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कॉफीचा पेला खाली ठेवत विचारलं, "तिथं गेल्यावर तू काय करणार?"

"म्हणजे? हेच की. आसनं."

"करून दाखवणार, की शिकवणार?"

"दोन्ही एकच नाही का?" सोयराबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. प्रश्न त्यांना जरा खुपला, पण हातातलं काम संपेपर्यंत त्या तो विसरूनही गेल्या.

टाउन हॉलच्या प्रयोगाला काही आठवडे उरले असतील. एका सकाळी न्हाणीतला भरलेला हंडा उचलायला त्या वाकल्या. त्याआधी बरेच दिवस कमरेत एक बारीक कळ येत होती, आणि त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या सकाळी कळेनं बघायला लावलं. हंडा कलंडला, पाणी सगळीकडे झालं आणि सोयराबाई ओल्या फरशीवर पडून राहिल्या. त्यांना उठता येईना. वृश्चिकासन करणाऱ्या बाईला कुशीवरसुद्धा वळता येईना.

डॉक्टरांनी दीडएक महिना पाठीवर सपाट पडून राहायला सांगितलं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. सोयराबाईंना दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. "योग शिकवणाऱ्या बाईचीच कंबर गेली, हे लोकांना कळलं तर?" त्या खंडोजीला म्हणाल्या.

"मार्केटात कळलंय," तो म्हणाला. "भाजीवाली विचारत होती, अक्का बऱ्या आहेत ना म्हणून."

हणमंतराव मोसंबी घेऊन भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी बराच वेळ पगडी हातात फिरवली. मग म्हणाले, "राग मानू नका. तारीख मागं घेता येत नाही. तुमच्या वर्गातली ती नयना... तिचं अंग अगदी तुमच्यासारखं वळतं. तिला उभं केलं तर?"

नयना विशीतली मुलगी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. तिचं घराणं शिंप्यांचं, सोयराबाईंच्याच गल्लीतलं. चार जणींमध्ये उठून दिसेल इतकी चपळ. सोयराबाई म्हणाल्या, "हो, ती करील." हणमंतराव गेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढं त्यांना आता जमत होतं.

दिवस जाता जाईनात. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवरून घर वेगळंच दिसायचं. टेबलाची खालची बाजू, दारातून येणाऱ्या माणसांच्या टाचा, खिडकीतली एक आभाळाची चौकट. अशाच एका संध्याकाळी खंडोजी पाळीवरून आला आणि मान चोळत उभा राहिला. दिवसभर विमानाच्या पत्र्याखाली वर बघत रिव्हेट ठोकायचे, त्यामुळं त्याचे खांदे कानांपाशी आलेले असायचे. इतक्या वर्षांत त्यानं एकही आसन केलं नव्हतं आणि सोयराबाईंनीही आग्रह केला नव्हता.

त्या दिवशी केवळ कंटाळा आला म्हणून त्या म्हणाल्या, "अहो, जरा सरळ उभे राहा बघू. हात वर करा."

त्यानं केले. सोयराबाईंना पडल्या जागेवरून त्याचे हात दिसतच नव्हते. दिसत होती ती फक्त पावलं. आणि त्यांना एक गंमत दिसली. हात वर जाताच खंडोजीच्या दोन्ही पायांचे अंगठे जमिनीवरून उचलले गेले.

"अंगठे का उचलता?"

"मी कुठं उचलतोय?"

"खाली बघा."

त्यानं खाली बघितलं आणि तो चकित झाला. "आपोआप होतंय."

"आता ते टेकवून ठेवा आणि पुन्हा हात वर घ्या. काय वाटतं?"

खंडोजीनं विचार केला. त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "बोल्टचे आटे चुकलेत आणि तरी पाना फिरवतोय, असं वाटतं. इथं, पाठीत. खांद्यात नाहीच."

"पाठीत? कुठं पाठीत? मणक्याजवळ की कडेला?"

"डाव्या कडेला. थांब... आता स्वल्प सैल झालं. का झालं?"

"मला माहीत नाही," सोयराबाई म्हणाल्या, आणि तसं म्हणताना त्यांना हसू फुटलं. हसल्यावर कंबर दुखली, तरी त्या हसत राहिल्या. इतकी वर्षं आसनं शिकवून त्यांना हे माहीत नव्हतं! पायाचा अंगठा टेकला की पाठीची डावी कड का सैल व्हावी? त्यांचं स्वतःचं अंग तर न विचारताच सगळं करायचं. त्यामुळं ते कसं होतं, हे बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

त्या रोज संध्याकाळी खंडोजीची वाट बघू लागल्या. तो हातपाय धुऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा. त्या विचारायच्या, तो शोधून शोधून कारखान्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. एकदा तो म्हणाला, "सोयरा, जेवायला काय करायचं ते तरी ठरव. तुझा नुसता तपास चाललाय."

"भात लावा आणि परत या," त्या म्हणाल्या.

मग त्यांना पुन्हा वर्गावर जायची ओढ लागली. बसायची परवानगी मिळाली नव्हती, पण झोपून प्रवास करू नये असं डॉक्टर कुठं म्हणाले होते? खंडोजीनं एक जटका ठरवला, घोडा सावकाश हाकायला सांगितलं, आणि कापडदुकानातल्या दोन गड्यांनी सोयराबाईंना एका लांब फळीवर निजवून फळीसकट माडीवर नेलं. बायका जमल्या होत्याच. अक्का आता कशा शिकवणार, याचं कुतूहल सगळ्यांना होतं.

पहिला दिवस फसला. सोयराबाई आडव्या पडून बोलत होत्या आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. वर्गात कन्नड, मराठी, तमिळ, दखनी असं सगळं चालायचं. नुसतं दाखवायचं होतं तोवर भाषा लागलीच नव्हती. आता बरगडीला काय म्हणायचं, जांघेला काय म्हणायचं, इथपासून सुरुवात. एकीनं उजवा हात उचलला, दुसरीनं डावा पाय. काही जणी कंटाळून गेल्या. झोपून शिकवणारी बाई असं नावही पडलं, आणि ते गल्लीतल्या पोरांपर्यंत पोचलं. पुढच्या आठवड्यात निम्मे जमखाने रिकामे होते.

राहिलेल्यांत कावेरी होती. सोयराबाईंची फळी त्या दिवशी योगायोगानं तिच्या जमखान्याशेजारी ठेवलेली होती. कावेरी पाय पसरून पुढं वाकली, आणि सोयराबाईंना पहिल्यांदाच तिचा चेहरा जवळून दिसला. डोळे गच्च मिटलेले, गाल फुगलेले.

"कावेरी, श्वास कुठंय?"

"अय्यो, श्वास कसा घेऊ? वाकायचंय ना!"

"काय वाटतंय? खरं सांगा."

कावेरीनं अंदाज घेतला. "पोटात कुणीतरी बसलंय आणि मी त्याला ढकलतेय. पण ते काही उठत नाही."

"डोकं कुठं न्यायचा विचार करताय?"

"गुडघ्याला. तुमचं जातं ना तिथं."

सोयराबाईंनी तिच्या ताणलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "डोकं राहू दे. गुडघे वाकवा. हो, वाकवा, काही होत नाही. आता पोट मांडीवर ठेवा, बाळाला ठेवतात तसं. आणि नुसता श्वास सोडा. पुढं जायचं नाही कुठंही."

कावेरीनं तसं केलं. खालून तागा आपटल्याचा आवाज आला. सोयराबाईंना तिच्या पाठीवर लुगड्याची घडी श्वासाबरोबर वरखाली होताना दिसली. आधी मानेजवळ, मग पाठीच्या मधोमध, मग पार कमरेपर्यंत. कावेरी बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू.

"अक्का," ती म्हणाली, "दोन वर्षं मी तुमचं अंग वाकवत होते. माझं आज वाकलं."

सोयराबाईंना हे वाक्य घरी जाईपर्यंत पुरलं. जटक्यात आडवं पडून वर झाडांच्या फांद्या सरकताना बघत त्या मनाशी म्हणत होत्या, मग बाकीच्यांचं काय? ती तमिळ मास्तरीण दर वेळी उजवीकडे का कलते? आणि रोज मागं बसते ती म्हातारी भागुबाई, तिचा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना का नाही? उद्या कधी उजाडतो असं त्यांना झालं. असं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

टाउन हॉलचा दिवस जवळ आला तशी नयना रोज ड्यूटी संपवून सोयराबाईंच्या घरी येऊ लागली. तिला बघताना सोयराबाईंच्या मनात बारीक काटा टोचायचा. तेच वळण, तोच तोल, अगदी हाताची बोटंसुद्धा आपल्यासारखी पसरलेली. वृश्चिकासनात तिची पावलं डोक्यावर टेकली तेव्हा त्यांना वाटलं, आपण संपलो. पण आता त्यांना एक खोड लागली होती, ती गप्प बसू देईना.

"काय वाटतं गं, तिथं वर?"

नयना खाली आली, घाम पुसला. "चांगलं वाटतं."

"ते हणमंतरावांना सांग. मला खरं सांग."

नयनानं मानेवर हात नेला. "मानेत वीज चमकल्यासारखं होतं. मग उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्यासारखं होतं. दिवसभर हेडफोन लावून मान एका बाजूला असते ना, त्याचंच असेल. तुम्हाला नाही व्हायचं?"

"मला कमरेत व्हायचं," सोयराबाई म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलं नाही. आता ही बघ माझी फळी. ते आसन तू करायचं नाहीस."

"पण अक्का, तेच तर जाहिरातीत छापलंय!"

हणमंतराव दुसऱ्याच दिवशी आले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आल्यासारखे होते, पण चढलाच. "लोक त्याच एका आसनासाठी येतात! सगळं उभारत आणलं आणि आता शेवटच्या घासाला..."

"त्या मुलीची मान आहे, हणमंतराव."

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"माझा हंड्याचा प्रश्न क्षणाचासुद्धा नव्हता," सोयराबाई म्हणाल्या. "आणि मला तिला हेही विचारायचं नाही, की तू माझ्यासाठी करतेस का. विचारलं तर ती हो म्हणेल."

हणमंतराव पगडी घालून निघाले. दारात थांबून म्हणाले, "तुमची दिल्ली गेली, कळतंय ना?"

"कळतंय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नीट निघाला, पण ते गेल्यावर त्यांनी खंडोजीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

प्रयोग झाला. नयनानं साधी आसनं केली, एकेक सावकाश, आणि प्रत्येक आसनात थांबून शांतपणे श्वास घेतला. टाळ्या पडल्या, पण हॉल हलला नाही. परदेशी पाहुण्यांतली एक म्हातारी बाई मात्र नंतर मागं येऊन नयनाला विचारत होती, हे मला या वयात करता येईल का? हणमंतरावांनी पुढं कसरतपटूंचा एक संघ दिल्लीला नेला आणि संस्थाही उभी केली, प्रमुख दुसरे कोणी. वर्षभर ते शिवाजीनगरकडे फिरकले नाहीत. पुढं भेटले तेव्हा दोघांनीही नीट विचारपूस केली. पहिल्यासारखं मात्र झालं नाही.

सोयराबाईंची कंबर भरून आली, पण ते आसन पुन्हा आलं नाही. मल्लेश्वरचा वर्ग त्यांनी नयनाकडे सोपवला. आपल्याकडे माडी आणि मुलींची शाळा, एवढंच ठेवलं. संध्याकाळी खंडोजीबरोबर हलसूरच्या तळ्याकडे फिरायला जायचं आणि येताना भाजी आणायची, हा नेम झाला. टाळ्या आठवायच्या. टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोरून बस गेली की त्या एकदा तरी मान वळवून बघायच्या. खंडोजीला ते दिसायचं. पण माडीवर जाताना पायऱ्या त्या भराभर चढायच्या. जमखाने पुन्हा भरले होते, आणि आता बायका आसन झाल्यावर आपणहून बोलायच्या. अक्का, आज इथं ओढलं. अक्का, आज श्वास पाठीत गेला. कधीकधी तासभर नुसती चर्चाच चालायची.

चौसष्टच्या उन्हाळ्यात गंगव्वा नावाची एक बाई जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली. धारवाडकडची, नुकतीच बेंगळुरात आलेली. गिरणीतल्या अपघातात तिचा डावा हात कोपरापासून गेला होता. पदर त्यावरून घट्ट ओढून घेतलेला.

"मला पाठीचं दुखणं आहे," ती धारवाडी मराठीत म्हणाली. "दोन ठिकाणी गेले, त्यांनी हाताकडे बघूनच नको म्हणून सांगितलं. तुमच्याकडे जमंल काय?"

सोयराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. एकच हात असला तर तोल कुठं राहत असेल? झोपताना ही कुठल्या कुशीवर वळत असेल? पाण्याची घागर उचलताना पाठ कुणाच्या मदतीला जात असेल?

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी कधी शिकवलं नाही मी असं. पण तुम्हाला सवड असेल तर आपण दोघी शोधू."

गंगव्वानं दारात चपला काढल्या. सोयराबाईंनी जमखाना सरकवून खिडकीजवळ जागा केली, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी नुसत्या उभ्या राहा. आणि मला सांगा, वजन कुठल्या पायावर येतंय?"